उंबरदऱ्यातली नऊ कोकरं

माझं नाव करिश्मा असलं तरी सासरी मला सगळे 'कामून' म्हणतात. नाव आत्यांनी पाडलं. आत्या म्हणजे माझी सासू, बानूबाई. लग्न होऊन बेंबळीला आले तेव्हा मला मेंढरातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. वडील धाराशिवला एका कॉलेजात शिपाई, आम्ही वाढलो भाड्याच्या दोन खोल्यांत. त्यामुळे इथं दिसेल त्याचं 'का' विचारत सुटायचे, इकडच्या बोलीत 'कामून'. मेंढराच्या कानाला चीर कामून पाडली? मेंढरांत ही चार शेरडं कामून? काळ्याकुट्ट मेंढीला गोरी कामून म्हणता? शेवटी आत्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हिचं नाव चुकलंय बगा. कामूनच ठिवाया पायजे व्हतं." झालं, तेव्हापासून तेच चिकटलं.

यंदा फाल्गुनातच बेंबळीचा माळ उघडा पडला. अर्ध्या माळावर पवनचक्क्यांचे रस्ते आणि तारांची कुंपणं झाली, उरलेल्या अर्ध्यात काडी नाही. तलावाच्या तळाला हात जाईल एवढ्या भेगा. मेंढ्या गाभण, आणि पोटं मात्र खपाटीला गेलेली. गेल्या दोन साली आयांना दूधच उतरलं नव्हतं, निम्मी कोकरं तशीच गेली. माझे सासरे, बिरदेवमामा, तसे चार शब्दांचे मालक. एके दिवशी सकाळी कपाळाला भंडारा लावता लावता ते म्हणाले, "ह्या खेपंला कोकरं तगली तर खांड ठिवायची. न्हायतर आखाडात समदी मेंढरं इकून टाकू. सुरज्या, मंग तू जा पुण्याला."

खांड म्हणजे मेंढरांचा कळप, आणि सुरज म्हणजे माझा नवरा. त्याच्या मावसभावानं त्याला पुण्यात ड्रायव्हरची नोकरी बघून ठेवली होती. चैत्र सरायच्या आत होय की नाही ते कळवायचं होतं. सगळ्यांना वाटलं, शहरातली पोरगी, पुणं म्हटल्यावर खूश होईल. मला पुण्यातली खोली ठाऊक होती. माझी बहीण तसल्याच खोलीत राहते. तिच्या खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते आणि त्या भिंतीत विचारण्यासारखं काहीही नाही. मला ही मेंढरंच हवी होती. पण असं बोलून दाखवलं असतं तर आत्या हसल्या असत्या.

"पण चारा आहे कुठं?" मी विचारलं.

"उंबरदऱ्यात," मामा म्हणाले.

आत्या चुलीपाशी होत्या. "त्या ढोलीत? तितं ऊन बी उतरत न्हाय म्हणत्यात. वलीला खुरं सडतेली मेंढरांची."

"तीस वरसं झाली म्या गेल्याला. चैतात वाहातं पाणी व्हतं."

"तीस वरसाखाली काय काय व्हतं, ते ऱ्हायलंय का आता?"

मामांनी घोंगडी झटकली आणि खांद्यावर टाकली, म्हणजे निघायचं ठरलं. मला मात्र घरी ठेवणार होते. मी दोन दिवस भांडले, एक दिवस जेवले नाही. "येऊ द्या तिला," आत्या वैतागून म्हणाल्या, "वाटंनं इचारून इचारून तरी दमंल."

चार मुक्काम करत आम्ही बालाघाटाच्या कडेला पोचलो. पुढं मेंढरं, मधे आत्या, मागं सामानानं लादलेली घोडी, आणि सगळ्यांत शेवटी डोक्यावर कोंबड्यांचा डालगा घेऊन मी. पायांचे तळवे सोलले होते. माळ संपला आणि समोर जमिनीला नुसती भेग दिसली. तिच्यातून झाडांचे शेंडे वर आलेले. दगडांतून एक पायवाट खाली गेली होती, एका वेळी एक जनावर जाईल एवढी.

मेंढरं कडेला येऊन थांबली. एकही पाऊल टाकीना. सुरजनं काठी आपटली, शीळ घातली, पुढच्या दोघींना ढकललं. त्या उलट्या फिरून त्याच्याच पायात घुसल्या.

"शेळी सोड फुडं," मामा म्हणाले.

म्हातारी शेळी दगडावरून दगडावर टणाटणा उड्या मारत खाली गेली आणि वळून ओरडली. मग तिच्यामागं एक, तिच्यामागं दुसरी, आणि बघता बघता सगळी खांड त्या भेगेत उतरत गेली. मेंढरांत शेरडं कामून असतात, ते मला त्या दिवशी न विचारता कळलं.

खाली उतरत गेलो तसं ऊन मागं राहिलं. अंगाला गार, ओलसर हवा लागली. कुजलेल्या पानांचा आणि पिकलेल्या उंबरांचा वास. डोळे सरावल्यावर दिसलं ते पाणी. चैत्रात, आमच्या जिल्ह्यात, वाहतं पाणी! गुडघाभर, स्वच्छ, तळातला गोटा न् गोटा दिसावा असं. दोन्ही काठांना उंबर आणि जांभळी वाकलेल्या, त्यांच्या मुळ्या पाण्यात सुटलेल्या. एक निळं पाखरू पाण्यात सूर मारून मासा घेऊन गेलं. मी डालगा खाली ठेवला आणि वेड्यासारखी नुसती बघत राहिले.

"ह्या नदीचं नाव काय?" मी सुरजला विचारलं.

"नदी."

"असं कसं? नाव असेल की काहीतरी."

"तिचं काय रेशनकार्ड काढायचंय तुला?"

मेंढरांनी तोवर काठावर रांग धरली होती आणि पाणी ओढल्याचा एकच आवाज त्या दरीत भरला होता. मामांनी पागोटं काढून ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं. आत्यांनी ओंजळ भरली, पण लगेच प्यायल्या नाहीत. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

दरीत घर एकच होतं. महांतप्पा नावाच्या म्हाताऱ्याचं. बायको वारलेली, मुलगा धाराशिवला कोर्टात कारकून. काठाला त्याची दोन एकर काळी जमीन, थोडी केळी, दोन बैल आणि एक गाय. आम्ही गेलो तेव्हा तो ओसरीवर तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसला होता. त्यानं डोळे उघडून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. आम्ही अंगणात उन्हात उभे. दरीभर सावली आणि ऊन नेमकं त्या अंगणात! अर्धा तास तरी गेला असेल. मामा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होते. शेवटी त्यानं लिंग गळ्यातल्या डबीत ठेवलं आणि म्हणाला, "कुठली मान्सं?"

"बेंबळीची, मालक. पंधरा दिस पान्यापाशी ऱ्हावं म्हणतो. मेंढ्या याया झाल्यात."

"माजी केळी खातेली की."

"एक पान तुटलं तर काठी तुमच्या हातात, पाठ माजी."

मामांसारखा माणूस असं बोलला त्याचं मलाच कसंसं झालं. महांतप्पानं मेंढरं नजरेनं मोजली. मग ठरलं ते असं: पंधरा दिवस राहायचं, आणि मेंढरं रोज सांजेला त्याच्या रिकाम्या काळीत बसवायची, म्हणजे रानाला खत होईल. मग त्यानं चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर मला म्हणाला, "पोरी, गिलासं तेवढी इसळून पालथी घाल. तितं न्हाय, त्या भाईरच्या दगडावर."

मी विसळून पालथी घातली. कामून, ते विचारलं नाही. तेवढं कळत होतं.

तरी म्हातारा मनानं वाईट नव्हता. माणसांना भुकेलेला होता. तिसऱ्या दिवसापासून रोज काही ना काही निमित्त काढून काठावर ठोकलेल्या आमच्या पालापाशी यायचा. दरीत फोनला रेंज नाही, मुलाशी बोलायचं तर कडा चढून वर जावं लागायचं आणि गुडघे आता चढू देत नव्हते. मी त्याला विचारायचे, हे झाड कुठलं, ते पाखरू कुठलं. तो सांगायचा आणि उलट मला विचारायचा, धाराशिवात नवीन काय काय झालं. आमचं चांगलं जमलं.

चौथ्या दिवसापासून मेंढ्या यायला, म्हणजे व्यायला लागल्या. मी एकही बाळंतपण चुकवलं नाही. मेंढी आधी बाजूला होते, पुढच्या खुरानं जमीन खरडते, बसते, उठते, पुन्हा बसते. मग ओलं, पिवळसर गाठोडं खाली पडतं आणि आई त्याला डोक्यापासून चाटत सुटते. अर्ध्या तासात ते चार पायांवर उभं! मी हात लावायला गेले की आत्या खेकसायच्या, "दुरून बग. डोळ्यानं दिसत न्हाय का?"

आयांना या वेळी दूध होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच आत्यांनी एका मेंढीची कास दाबून बघितली आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. चार दिवसांत नऊ कोकरं झाली. नववं झालं ते आठव्या दिवशी पहाटे, टिकलीचं. टिकली पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिनं कोकराला चाटलं, एकदा पाजलं, आणि मग बाकीच्या आयांबरोबर चरायला गेली. आया सकाळी रानात जातात, दुपारी येऊन पाजतात. तोवर कोकरं वाघरेत ठेवायची. वाघूर म्हणजे खुंट्यांना ताणलेलं जाळं. त्या दिवशी आत्याही कड्याच्या बाजूला पाला तोडायला गेल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "कोकरांवर ध्यान ठिव. दुसरं काय करू नको."

काठावर चिखल होता, काळा, चिवट. कोकरं त्यात बसून बसून लडबडली होती. चिखल वाळून लोकरीचे गठ्ठे झालेले, शेपटीला घाण, त्यावर माशा. टिकलीच्या कोकराच्या तर डोळ्यांत माशा बसत होत्या. मी हाकलायचे, त्या पुन्हा यायच्या. आणि दहा पावलांवर एवढं पाणी वाहत होतं.

महांतप्पा त्याच वेळी बैल धुऊन येत होता.

"आप्पा," मी विचारलं, "कोकरं धुतली तर चालतील?"

"न चालाया काय झालं? म्या रोज बैल धुतो. जनावर सोच्छ असलं की रोग न्हाय." मग तो घरात गेला आणि मूठभर रिठे घेऊन आला. "हे घे. फेस लई येतो."

मी रिठ्याचा फेस केला, वर माझा अंगाचा साबण लावला. एकेक कोकरू उन्हाच्या जागी नेऊन कोमट दगडावर उभं करून धुतलं. घाण, चिखल सगळा निघाला. मग माझ्या जुन्या ओढणीनं पुसून वाळवलं. नऊच्या नऊ कोकरं काळीभोर, मऊ, कापसासारखी फुलली. महांतप्पा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वा! आता कशी दिसायली!" मला इतका आनंद झाला होता की कधी एकदा आत्या येतात आणि बघतात असं झालं.

दुपारी आया आल्या. रोज त्या लांबूनच ओरडत यायच्या, कोकरंही इकडून ओरडायची, थोडा वेळ नुसता कल्लोळ व्हायचा आणि मग एकदम शांत. प्रत्येकीला आपापलं सापडलेलं असायचं. त्या दिवशी कल्लोळ थांबेना. कोकरू कासेशी जायचं, मेंढी वळून हुंगायची, आणि ढुशी मारायची. ते दुसरीकडे जायचं, तीही ढुशी मारायची. टिकलीनं आपल्या कोकराला असं उडवलं की ते जाळ्याला जाऊन आपटलं. आया वाघरेभर फिरत ओरडत होत्या, पिल्लं समोर असून पिल्लांना शोधत होत्या.

आत्या पाल्याचा भारा टाकून धावत आल्या. त्यांनी एक कोकरू उचललं, नाकाशी धरलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"काय लावलंस ह्याला?"

"धुतलं, आत्या. चिखल होता."

"समदी?"

"नऊच्या नऊ."

आत्यांनी वाकून दुसरं हुंगलं, मग तिसरं. "आगं बये," एवढंच म्हणाल्या. मामा मागून आले. त्यांना सांगायची गरज पडली नाही, त्यांनी वाघरेकडे बघितलं आणि कळलं. "मेंढी वासानं वळखती पोराला," ते म्हणाले. माझ्याशी बोलले की स्वतःशी, समजलं नाही. "पान्याची एवढी उधळण आपल्याला कवा जमलीच न्हाय, म्हणून तुला सांगायचं बी कुणाच्या डोसक्यात आलं न्हाय."

सुरज माझ्याकडे न बघता वाघरेत शिरला. ते सगळ्यांत वाईट होतं.

मला मरून जावंसं वाटलं. दोन वर्षं दूध नाही म्हणून कोकरं गेली, यंदा दूध होतं आणि ती माझ्या हातानं जाणार होती. पण आत्यांनी लगेच पदर खोचला. "रडू नको. रडायला फुरसत न्हाय. ज्या त्या आईचं दूध काढायचं आन तिच्याच पोराच्या डोक्याला, शेपटीला, पाठीला चोळायचं. मीठ चोळायचं. पर कुणाचं कंचं?"

आणि इथं घोळ झाला. सगळी सारखीच काळी. मामांना चार ओळखू आली, आत्यांना आणखी एक. उरलेली चार ते दोघं रानात नाहीतर झोपेत असताना झाली होती. मामा एकेकाला उलटंपालटं करून बघत होते.

"ह्याच्या मागच्या डाव्या खुराला पांढरी कड आहे," मी हुंदके गिळत म्हणाले. "हे तुटक्या कानाच्या मेंढीचं, वाकड्या जांभळीखाली झालेलं. हे उंबरापाशी, त्या बुटकीचं. याची शेपटी मधे दुमडली आहे, हे गोरीचं. आणि हे टिकलीचं, पहाटेचं. नाळ अजून ओली आहे."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"एकूण एक बाळंतपण बघितलंय मी."

मग आम्ही चौघं भिडलो. मामा मेंढी दोन मांड्यांत आवळून धरायचे, आत्या दूध काढायच्या, मी चोळायचे, सुरज कोकराचं तोंड कासेला लावायचा. महांतप्पा मिठाचा डबा घेऊन आला आणि मामांसमोर उभा राहिला. "म्याच सांगितलं पोरीला धू म्हणून. तिला बोलू नका," तो म्हणाला. मग धोतर खोचून तोही मेंढ्या धरायला वाघरेत शिरला. एका मेंढीनं त्याला चिखलात पाडलं. उठून तो पुन्हा आला.

दिवस मावळायच्या आत सहा आयांनी कोकरं पाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोघींनी. टिकली मात्र घेईना. पहिलारू, एकदाच पाजलेलं, तिला आई होऊनच जेमतेम दिवस झाला होता. दूध चोळलं, मीठ चोळलं, तिच्या मुताचा चिखल चोळला. ती हुंगायची आणि ढुशी मारायची. तिला धरून बळंच पाजत होतो म्हणून पोर जिवंत, पण पोट भरत नव्हतं. त्याची मान खाली पडायला लागली.

"आठ तगली," दुपारी मामा म्हणाले. "लई झालं."

"तिला माझ्याकडे द्या," मी म्हणाले.

उंबराच्या बुंध्याला टिकलीला आखूड बांधलं. तिच्या अंगाला अंग लावून मी बसले, मांडीवर कोकरू. दर तासाला तिला गुडघ्यांत धरायचं, कोकरू लावायचं. मांड्यांवर तिच्या ढुशांचे काळेनिळे डाग उठले. दूध माझ्या हातांवर, परकरावर सांडून आंबत होतं, लेंड्या आणि मूत त्यातच. केसांत गोचड्या शिरल्या. आंघोळ केली नाही, हातही धुतले नाहीत. न जाणो, धुतले आणि परत तेच झालं तर? आत्या भाकरी आणून द्यायच्या. महांतप्पा गाईचं दूध पाठवायचा, स्वतःच्या घरातल्या लोट्यात. लोटा परत देताना मी तो बाहेरच्या दगडावर पालथा घालायला गेले, तर म्हणाला, "राहू दे. हिकडं दे हातात."

तिसऱ्या दिवशी सकाळी मला बसल्या जागी डुलकी लागली होती. मनगटाला काहीतरी गरम, खरखरीत लागलं. डोळा उघडला. टिकली माझा हात चाटत होती. मी श्वासही घेतला नाही. तिनं हात चाटला, परकर चाटला, आणि चाटता चाटता तिची जीभ कोकराच्या पाठीवर गेली. थांबली. हुंगलं. पुन्हा चाटलं. मग घशातून ते बारीक घुमणं आलं, मेंढी फक्त आपल्या पोराशी करते ते. कोकरू धडपडत उठलं, कासेला लागलं आणि त्याची शेपटी हलायला लागली.

मी मोठ्यानं रडले. लाज वाटली नाही.

मामांनी येऊन बघितलं. मग सुरजला हाक मारली. "वर जा कड्यावर, रेंज लागती तितं. तुज्या मावसभावाला सांग, येत न्हाय म्हणावं."

सुरज निघाला. दहा पावलांवर गेला आणि मागं वळून माझ्याकडे बघून हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"जा, आंगूळ कर आता," आत्या म्हणाल्या. "वास यायलाय तुजा साऱ्या दरीत."

मी नदीवर गेले. पाण्यात पाय घातले. गार पाणी घोट्यांवरून जात होतं, सगळं अंग आत बुडवावंसं वाटत होतं. उभी राहिले आणि तशीच परत आले.

"काय झालं?" आत्यांनी विचारलं.

"अजून दोन दिवस राहू द्या. ती परत विसरली तर?"

आत्यांनी वर बघितलं. सरकून आपल्या घोंगडीवर मला जागा केली, आणि मी बसले तशी माझ्या हातावर भाकरी ठेवली. मग मामांकडे तोंड करून म्हणाल्या, "उद्या हिला मेंढरं राखाया घिऊन जावा रानात. कोकरांपाशी म्या बसते."